मंच मिळाला, अंगण गेले

चिमाजी आप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या मुलखात नेल्या आणि देवांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर असलेल्या घंटेवर १७०७. भीमाशंकरलाही त्यांतलीच एक. ज्या चर्चमधून त्या उतरवल्या त्यांची छपरे केव्हाच गेली. भिंती उभ्या आहेत आणि त्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. घंटा मात्र शाबूत राहिल्या, कारण नेणाऱ्यांनी त्यांना लगेच काम दिले.

परंपरा जपण्याबद्दल वसई-विरारमध्ये गेली तीस-चाळीस वर्षे बरेच बोलले गेले आणि थोडेफार केलेही गेले. महोत्सव भरतात, स्पर्धा होतात, शाळांच्या कुंपणावर वारली चित्रे रंगवली जातात, किल्ल्यावर तरुण मुले सुट्टीच्या दिवशी झाडझुडूप काढतात. हे सगळे मनापासून होते. तरीही कोणत्या कला तगल्या आणि कोणत्या नुसत्या मंचावर उरल्या, याचा हिशेब मांडायला घेतला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जिथे त्या वस्तूची गरज, ती करण्याचा प्रसंग आणि तिचा कच्चा माल हे तिन्ही टिकले, तिथे कला टिकली. यांतले एकही तुटले, तर कितीही टाळ्या पडल्या तरी पुढच्या पिढीच्या हातात ती उतरत नाही.

इथला मुलूखही तसा तीन पट्ट्यांचा. समुद्राकडे पाचूबंदर, अर्नाळा, नायगाव इथले कोळीवाडे. त्यांच्या मागे बागायतीचा हिरवा पट्टा, तिथे वाडवळ, भंडारी, सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी. रेल्वे ओलांडून महामार्गाच्या पलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगराखाली वारली, मल्हार कोळी आणि कातकऱ्यांचे पाडे. या तिन्हींच्या मधोमध इमारतींचे शहर वाढले. महापालिका जुलै २००९ मध्ये झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली आणि ऑगस्ट २०१४ पासून आपण पालघर जिल्ह्यात आलो. इतक्या वेगाने माणसे आली की कोण कुठल्या पट्ट्यातला हे सांगायलाही कोणाला सवड मिळाली नाही.

वारली चित्रांपासून सुरुवात करावी लागेल, कारण परंपरा वाचवल्याचे उदाहरण म्हणून देशभर तेच दिले जाते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा चित्रकार कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या पाड्यांवर आला. त्याआधी बिहारमध्ये मधुबनीला दुष्काळाच्या काळात तिथल्या बायकांच्या हातात कागद देणाऱ्यांत तोही होता. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे त्याने बाहेर आणली. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्लिश कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये ते गेले. एका भूमिहीन आदिवासी समाजातल्या माणसाने तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषेवर जगाला थांबवले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण या यशाच्या पोटात एक बदल झाला आणि त्याकडे फार कमी लिहिणाऱ्यांनी पाहिले. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या पुस्तकात लग्नविधींचे तपशील आले आहेत, ते वाचताना हा बदल ठळक होतो. मूळ चित्र लग्नाचे. कारवीच्या कुडाला शेण-माती लिंपायची, त्यावर गेरू द्यायचा, तांदूळ वाटून त्याच्या पाण्यात काडी बुडवायची आणि सुवासिनींनी देवचौक आणि लग्नचौक काढायचा. चौकात पालघट देवी बसते. धवलेरी गाते, म्हणजे लग्न लावते. ती बाईच असते. चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणून गावात चौक काढता येणाऱ्या बायका असाव्याच लागतात. कागद आला, प्रदर्शने आली, प्रवास आला, आणि चित्रकार म्हणून नावे मुख्यतः पुरुषांची झाली. चित्राचा विषयही देवीच्या चौकाकडून नाच, शेती, शिकार आणि पुढे रेल्वे-विमानांकडे गेला. विषय बदलण्याला माझी हरकत नाही. जिवंत कला बदलणारच. बायकांच्या हातून विधी आणि विधीतून मिळणारा मान निसटत चालला आहे, ही चिंतेची बाब आहे. घरकुलाची पक्की भिंत आली हे चांगले झाले, पावसाळ्यात गळणाऱ्या कुडात कोणी राहावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या सिमेंटवर शेण बसत नाही, गेरू धरत नाही, आणि चौकाची तयारी करायला पाड्यातल्या बायका जमायच्या तो अर्धा दिवसही उरत नाही.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या आदिवासी युवकांच्या संघटनेने त्यासाठी जे कष्ट घेतले ते मोलाचे आहेत, कारण आपली कला आपल्या समाजाच्या नावावर नोंदली जावी ही मागणी समाजातूनच आली. मानांकनाने नाव राखले. छापखान्यात साडीवर, पिशवीवर, चहाच्या कपावर त्याच आकृत्या यंत्राने छापणाऱ्याला मात्र ते सहज अडवू शकत नाही. अडवायचे तर तक्रार, वकील, खर्च हे सगळे नोंदणीधारकानेच पाहायचे. गंजाडच्या चित्रकाराकडे त्यासाठी पैसा कुठून येणार? मानांकनाबरोबर त्याच्या अंमलबजावणीचा खर्च सरकारने उचलायला हवा, ही मागणी वसई-विरारच्या ग्राहकांनीही करायला हवी. कारण छापील वारलीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपली शहरेच आहेत.

तारप्याची गोष्ट आणखी कठीण आहे. तारपा हे वाद्य दुकानात मिळत नाही, बहुतेक वेळा वाजवणाराच ते बनवतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याच्या तोंडातून फुंकायचे. खाली बांबूच्या दोन नळ्या, त्यांना बोटांची भोके आणि आत चिरलेल्या जिभल्या. त्याच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब भोंगा. सगळे सांधे मधमाशांच्या मेणाने बंद करायचे. मेण कमी पडले की हवा निसटते आणि सूर फाटतो. वाजवताना श्वास तुटू द्यायचा नाही, गाल हवेने भरलेले ठेवून नाकाने श्वास घेत राहायचा. भाताच्या लोंब्या भरल्या की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या सुमारास त्याचा हंगाम संपतो. नाच रात्री सुरू होतो आणि तासन्‌तास चालतो. वाजवणारा मध्ये, नाचणारे कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती, पुढचा घुंगुरकाठी आपटत वळणे ठरवतो, आणि तारप्याला पाठ करायची नाही.

महोत्सवात याच नाचाला काही मिनिटे मिळतात. प्रेक्षक समोर बसलेले असतात म्हणून वर्तुळ उघडून अर्धगोल करायला सांगतात, आणि नाचणाऱ्यांना तारप्याकडे पाठ करावी लागते. आयोजकांच्या मनात अनादर नसतो, त्यांना माहीत नसते एवढेच. परंतु लहान वयात मंचावरच तारपा पाहिलेल्या मुलाला तो असाच असतो असे वाटेल. तारपा शिकायचा तर ताड, भोपळा, मेण आणि भाताचे शेत यांच्यासह तो शिकावा लागतो. वसईच्या पूर्वेकडे जमिनी विकल्या गेल्या, भाताची खाचरे भरून गोदामे उभी राहिली. वाजवायला कारण देणारे पीकच जिथून गेले, तिथे वादनाच्या कार्यशाळेने किती काम होणार?

याच पट्ट्यात भालिवलीचे उदाहरण मला आशा देणारे वाटते. तिथल्या सेवा विवेक संस्थेच्या केंद्रात आदिवासी महिला बांबूच्या राख्या, आकाशकंदील, ट्रे, शोभेच्या वस्तू करायला शिकतात आणि त्या शहरात विकल्या जातात. कोणी म्हणेल, राखी आणि कंदील यांत परंपरा कुठे आहे? पाड्यावर सूप, टोपली, धान्याची कणगी, पावसातले इरले, मासे धरायचे सापळे विणत असत. त्यांची जागा प्लास्टिकने घेतली. पण कामटी फोडणे, ती सोलून सारखी करणे, कुठली काठी कोवळी आणि कुठली पिकलेली हे नखाने ओळखणे, हे ज्ञान नव्या वस्तूतही लागतेच. ते हातात राहिले आणि घरात पैसा आला, की मुलगी आईकडून शिकते. वनहक्क कायदा २००६ चा; त्याने गौण वनोपजावर, त्यात बांबूही आला, ग्रामसभांचा हक्क मान्य केला. २०१७ मध्ये वनाबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला. हे दोन बदल कारागिराच्या बाजूचे आहेत. त्यांचा पुरता उपयोग आपल्या तालुक्यात अजून झालेला नाही.

आता बागायतीत येऊ. कला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्र, नाच, गाणे येते. आगाशीच्या सुकेळ्याला कोणी कला म्हणत नाही. मी म्हणतो. राजेळी जातीचे केळे लागते, दुसरे चालत नाही. घड उतरवून, फण्या सुट्या करून, ऊब देऊन पिकवायचे; अगदी योग्य पिकल्यावर सोलायचे. मग मांडवावर एकेक केळे सुटे मांडून उन्हात वाळवायचे, संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून झाकायचे, सकाळी पुन्हा मांडायचे. असे कितीतरी दिवस. वरून सोनेरी-तपकिरी, आतून मऊ, बोटाने दाबले तर चिकटत नाही आणि कडकही लागत नाही, तेव्हा केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधायचे. साखर नाही, तेल नाही, यंत्र नाही. ऊन किती आहे, वारा कुठला आहे, ढग येणार का, हे बघून रोजचा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो कागदावर लिहून शिकवता येत नाही. निर्मळच्या यात्रेला जाणाऱ्या कितीतरी घरांत सुकेळी आणल्याशिवाय यात्रा झाली असे वाटत नसे.

सुकेळे करणारे हात कमी झाले ते आवड कमी झाली म्हणून नव्हे. राजेळीच्या बागा गेल्या. बागा का गेल्या, तर पाणी गेले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वाढत्या इमारतींसाठी वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले गेले, किनाऱ्याजवळच्या विहिरी खाऱ्या झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने जे आंदोलन उभारले ते झाडांचे आणि पाण्याचे म्हणून ओळखले जाते. माझ्या मते या तालुक्यात संस्कृतिरक्षणाचे सर्वांत मोठे काम तेच होते. मराठी लेखक, ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचे मानकरी, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष असलेला हा माणूस टँकरसमोर उभा राहिला, कारण वाडी गेली तर वाडीतली भाषा, गाणी, सण, जेवण सगळेच जाणार हे त्याला दिसत होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

वाडीच्या पाण्याचा आणखी एक वारसा म्हणजे बावखले. पावसाचे पाणी साठवणारी, जमिनीत मुरवणारी ही डबकी घराघरांच्या वाडीत होती. त्यांच्यावर रहाट चालत, पाटांनी पाणी केळी-पानवेलींना जाई. त्यांतली पुष्कळशी बुजवून त्यांवर बांधकामे झाली. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसेंदिवस पाण्यात होती, लोकल बंद, वीज नाही, मिठागरातली शेकडो माणसे अडकलेली. पुराची कारणे अनेक होती. पण बुजवलेल्या बावखलांना त्यातून वगळता येणार नाही. पाणी कुठे थांबवायचे आणि कुठे सोडायचे हे शिकवणारी ही रचना मला एखाद्या कोरीव शिल्पाइतकीच जपण्याजोगी वाटते.

कोळीवाड्यांबद्दल थोडक्यात. सागाच्या होड्या बांधणारे सुतार कमी झाले, फायबरच्या होड्या आल्या, जाळी नायलॉनची झाली. तरीही डोलीच्या मासेमारीचे ज्ञान अजून चालू आहे: भांग आणि उधाण ओळखणे, भरती-ओहोटीच्या ओढीनुसार समुद्रात कवी म्हणजे जाळी बांधायचे खांब कुठे रोवायचे, वलांडीवर बोंबील कसे सुकवायचे. माशांवरच हे सगळे उभे आहे. याच किनाऱ्यावर, डहाणूजवळच्या वाढवण बंदराची ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथल्या परिसरात दागिन्यांचे साचे घडवणाऱ्या डायमेकिंगच्या कारागिरांनीही मच्छीमारांबरोबर विरोधाचा आवाज उठवला होता. समुद्र, शेत आणि हस्तकौशल्य यांना एकाच गावात एकमेकांचा आधार असतो, तो प्रकल्पाच्या अहवालात वेगवेगळ्या रकान्यांत विभागला जातो.

बोलीचा प्रश्न मात्र सवडीने पाहायला हवा. सामवेदी किंवा कादोडी बोली ब्राह्मण आणि ख्रिस्ती दोघेही बोलतात. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी धर्म वेगळा झाला, बोली एकच राहिली. दोन धर्मांना एका बोलीत बांधणारे असे गाव महाराष्ट्रात सहज सापडत नाही. त्याच पट्ट्यात वाडवळी आहे, आगरी आहे, कोळी बोली आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात, २०१३ मध्ये, यांतल्या काहींची नोंद झाली. कुपारी संस्कृती मंडळासारख्या संस्था मेळावे भरवतात, कादोडीत अंक निघतात, लाल लुगडे नेसून म्हाताऱ्या बायका लग्नाची गाणी म्हणतात तेव्हा तरुण मुले मोबाइलवर चित्रण करतात. हे सगळे हवेच आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर प्रार्थना मराठीत झाली, त्याने वसईच्या चर्चमध्ये मराठीला बळ आले. आता धोका घराच्या आत आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या नातवाशी आजी कादोडीत बोलते आणि तो मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. दहा-पंधरा वर्षांनी गाण्यांची चित्रफीत असेल, पण ती समजणारे कान नसतील. ध्वनिमुद्रण करायचे तर गाणाऱ्याचे नाव, गाव, गाण्याचा प्रसंग आणि प्रत्येक ओळीचा अर्थ नोंदवूनच करायला हवे, आणि ते काम आजी हयात असतानाच करायला हवे.

लग्नात वाजणाऱ्या घुमटाकडे पाहा. एकेकाळी मडक्याला घोरपडीचे कातडे ताणून लावत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. घोरपड संरक्षित झाली, कातडे बंद झाले. ते योग्यच झाले. शेजारच्या गोव्यात बकरीचे कातडे वापरून वाद्य टिकवले गेले आणि २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून त्याला मान मिळाला. कच्चा माल बदलला तरी वाजवण्याचा प्रसंग राहिला, म्हणून वाद्य राहिले.

सरकारी योजनांचा आढावाही गरज, प्रसंग आणि कच्चा माल याच कसोटीवर घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत होडी बांधणारे, टोपल्या-चटया विणणारे, मासेमारीची जाळी करणारे आले आहेत, म्हणजे वसईला त्याचा उपयोग आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. तारपा बनवणारा या यादीत नाही, सुकेळी करणारा नाही, धवलेरी तर कुठल्याच यादीत नाही. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मानधन देते. ते म्हातारपणाचा आधार म्हणून ठीक आहे, पण शिष्य घडवण्याची काहीच व्यवस्था त्यात नाही.

जपानमध्ये १९५५ पासून निवडक कारागिरांना आणि कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान देतात. त्यांना वर्षाला २० लाख येन मिळतात आणि त्यातून आपली कला पुढच्या पिढीला शिकवणे अपेक्षित असते. त्याहून मोठी गोष्ट इसेच्या देवस्थानाची: ते देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा नवे बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधले, पुढचे २०३३ मध्ये. सुतार, लोहार, विणकर, छप्पर शाकारणारे यांना वीस वर्षांनी काम मिळणार हे आधीच ठाऊक असते, आणि लागणारे लाकूड मिळावे म्हणून जंगल राखले जाते. आपल्याकडे पालघटीच्या चौकाला, तारप्याच्या रात्रींना, सुकेळ्याच्या मांडवाला असेच ठरलेले दिवस होते. ते दिवस आपण मोडू दिले आणि त्यांच्या बदल्यात डिसेंबरातला महोत्सव दिला.

वसई-विरारमध्ये यावर काय करता येईल, ते अवघड नाही. महापालिकेने दिवाळीच्या रोषणाईसाठी बांबूचे कंदील भालिवलीच्या महिलांकडून दरवर्षी ठरलेल्या संख्येने घ्यावेत, आगाऊ रकमेसह. महोत्सवात तारप्याला अर्धगोल करायला लावू नये. मैदानाच्या मधोमध जागा द्यावी, आणि भाताच्या हंगामात पाड्यावरच्या नाचाला थेट खर्च द्यावा. शाळांनी वारलीची स्पर्धा घेण्याऐवजी चौक काढणाऱ्या बाईला मानधन देऊन वर्गात बोलवावे. राजेळीच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्याला सवलत द्यावी. आणि सुधारित विकास आराखड्यात प्रत्येक बावखलाची जागा, क्षेत्रफळ आणि मालकासह जलसाठा म्हणून नोंद व्हावी, म्हणजे ते बुजवायला परवानगी मागणाऱ्याला नकार द्यायला अधिकाऱ्याच्या हातात कागद असेल.